शिंपल्यावरचं नाव

नामदेव भोईर भरावावर पहारेकरी म्हणून लागला, ही गोष्ट त्याच्या घरात त्याच्या तोंडून कळली नाही. त्या संध्याकाळी सखूकाकी पाण्याचा हंडा घेऊन दारासमोरून गेली आणि रोजच्यासारखी थांबली नाही. नामदेवच्या बायकोने, सगुणाने, आतून हाक मारली. काकीने पदर पुढे ओढला आणि पाय उचलला. सख्खी जाऊ, भिंतीला भिंत लागून घर, आणि हाकेला ओ नाही. सगुणा दारात आली तेव्हा समोरच्या ओट्यावरच्या बायकाही उठून आत चालल्या होत्या.

"जयू, काय झालं गं?" तिने मुलीला विचारलं.

जयमालाला काय माहीत असणार? ती नुकतीच वाशीहून शाळेतून आली होती. एवढंच तिच्या लक्षात आलं होतं, की काकाची वैशाली आज बसमध्ये तिच्या शेजारी बसली नव्हती.

खारीपाडा कोपरखैरण्याच्या पुढे, खाडीला चिकटून. साल एकोणऐंशी. जमिनी सरकारकडे गेल्या होत्या, वाशीला चार-चार मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि आता पारसिकच्या डोंगरातला मुरूम डंपर भरभरून खाडीकाठच्या खाजणात पडत होता. पाड्याने मारुतीच्या देवळात बसून ठरवलं होतं, की भरावाच्या कामावर आपल्यातला कोणी पाय ठेवायचा नाही. घराघरातल्या कर्त्या पुरुषाने बेलभंडार उचलला होता. नामदेवनेही उचलला होता.

पण बाहेरचा बांध फुटला तो कोणी बांधला नाही. बांधायचा कशाला, जमीन तर गेलीच, असं म्हणत सगळे बसले. खारं पाणी आत शिरलं. दोन पावसाळे नामदेवच्या वाट्याच्या तुकड्यात भाताची एक लोंबी आली नाही. सगुणा ओहोटीला खाडीत जाऊन कालवं फोडायची, शिवल्या काढायची, त्यावर घर चाललं होतं. आता भरावाची माती कालवांच्या खडकावरही यायला लागली होती.

रात्रीचं जेवण झाल्यावर नामदेव म्हणाला, "भात नाय, मीठ नाय, कालवं मातीखाली चालली. मी काय हवा खाऊ? मी राखन केली नाय तर भराव पडायचा थांबनार हाय काय?"

"आनि बेलभंडार?" सगुणाने विचारलं.

तो उठून अंगणात गेला.

दोन दिवसांनी देवळात पाडा बसला. पंचांत नामदेवचा थोरला भाऊ, सखूकाकीचा नवरा कान्हा होता. निकाल त्यानेच सांगितला, आणि आवाज अजिबात न हलवता सांगितला. नामदेवच्या घराशी पाण्याचा, विस्तवाचा, बोलण्याचा संबंध नाही. त्यांच्या हळदीला कोणी नाही, मयतीला कोणी नाही. त्याने नोकरी सोडून देवासमोर नाक घासलं, की त्या दिवशी परत घेऊ. कोणीतरी मागून म्हणालं, "कान्हा, भाऊ हाय तुझा, जरा सबुरीनं घे." कान्हा म्हणाला, "भाऊ हाय म्हनूनच. त्याला वेगला न्याय लावला तर उद्या मना कोन विचारल?"

त्या दिवसापासून सगुणा पाणी आणायला पाड्याच्या विहिरीवर गेली नाही. भरावाच्या मजुरांसाठी टँकर यायचा, तिथून आणायची. खाडीत उतरली, की बाकीच्या बायका तिथून उठून लांबच्या खडकावर जायच्या. तिला सगळ्यांत वाईट वाटायचं ते याचं, की त्या लांब जाऊन गप्पा मारायच्या. वाऱ्यावर आवाज यायचा, हसणं यायचं, शब्द कळायचे नाहीत.

जयमाला आणि वैशाली एका वयाच्या, एका वर्गातल्या. लहानपणी एकीला ताप आला की दुसरीलाही काढा पाजत, कारण ती मागतच असे. आता पाड्यापासून हमरस्त्यापर्यंत वैशाली बाकीच्या पोरांबरोबर पुढे चालायची आणि जयमाला मागे. शाळेत तरी बोलेल असं जयमालाला वाटत होतं. तिथे कोण बघतंय? पण पाड्यातली आणखी पोरं वर्गात होती. कोण कोणाशी बोललं हे संध्याकाळी घरी सांगितलं जायचं. वैशाली तिच्याकडे बघायची, पण ओठ मिटलेले ठेवून.

त्यांना इंग्रजी शिकवायला वैजयंती करमरकर बाई होत्या. मूळच्या गिरगावातल्या. नवरा अरविंद तुर्भ्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर, म्हणून ती दोघं वाशीच्या नव्या वसाहतीत राहायला आली होती. बाईंनी कॉलेजात लॅटिन घेतलं होतं आणि त्याचं वेड अजून गेलं नव्हतं. शब्दालासुद्धा माहेर असतं, असं त्या म्हणायच्या. धडा बाजूला ठेवून एखाद्या शब्दाचं माहेर शोधत बसायच्या, आणि त्या तासाला मुलं आनंदात असायची, कारण स्पेलिंग विचारली जात नसे.

एकदा त्यांनी खाडीकडून येणाऱ्या मुलांना शिंपले आणायला सांगितले. मुलांनी पिशव्या भरून आणले. कालवांचे, शिवल्यांचे, कसले कसले. जयमालानेही आणले होते, आईने स्वच्छ धुऊन दिलेले. बाईंनी ते टेबलावर पसरले आणि त्या रंगात आल्या.

"लॅटिनमध्ये शिंपल्याला 'कोंका' म्हणत," त्या म्हणाल्या. "त्यावरून इंग्रजीत शंख तो 'काँक'. आपला शंख आणि त्यांचा कोंका, लांबचे चुलतभाऊच म्हणा. आता कानाला हात लावा. कानाच्या आत, खोल, गोगलगायीच्या शंखासारखा एक वळलेला भाग असतो. त्याचं नाव 'कॉक्लिया'. ते ग्रीकमधून आलं. घरी चिनी मातीची कपबशी आहे ना? ती 'पोर्सलीन'. इटलीत कवडीला जे नाव होतं ते तिला पडलं, कारण ती कवडीसारखी गुळगुळीत, चमकणारी. आणि तुम्ही जिला घाबरता ती 'टेस्ट'? 'टेस्टा' म्हणजे मातीचं भांडं, कवच. असल्या भांड्यात धातू वितळवून सोनं खरं की खोटं बघायचे. आता तुम्हाला त्यात घालतात."

वर्ग हसला. जयमालाही हसली. बऱ्याच दिवसांनी ती सगळ्यांबरोबर एकाच गोष्टीला हसत होती. बाई खिडकीशी आल्या, हातात कालवाचा मोठा शिंपला होता.

"आणि हे तुमचं कालव म्हणजे 'ऑयस्टर'. त्याच्याच ग्रीक घराण्यातला एक शब्द आहे, 'ऑस्ट्रसाइझ'. फार गमतीचा. ग्रीसमध्ये अथेन्स नावाचं शहर होतं. तिथे एखादा माणूस गावाला नकोसा झाला, की सगळे जमायचे आणि फुटक्या मडक्याच्या खापरीवर त्याचं नाव लिहायचे. खापरी आणि शिंपला, दोन्हीला एकच शब्द. ज्याच्या नावाच्या खापऱ्या जास्त, त्याने दहा वर्षं गाव सोडायचं. त्यावरून 'ऑस्ट्रसाइझ' करणे. मराठीत काय म्हणू आपण?"

मग पाड्यातला एक मुलगा मागच्या बाकावरून म्हणाला, "वाळीत टाकनं, बाई."

"शाब्बास! अगदी बरोबर."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. तीन-चार माना जयमालाकडे वळल्या. बाईंना ते दिसलं नाही, त्या फळ्याकडे वळून शब्द लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांना एक कल्पना सुचली, आणि सुचली तशी त्यांनी ती सांगूनही टाकली. प्रत्येकाने एक शिंपला घ्यायचा. आपल्या वर्गातून जी गोष्ट घालवायची असेल तिचं नाव आतल्या गुळगुळीत बाजूवर पेन्सिलने लिहायचं. आळस म्हणा, भांडण म्हणा. नाव लिहून तो बादलीत टाकायचा.

जयमालाने 'गोंगाट' लिहिलं.

बादली टेबलावर आली. बाई एकेक शिंपला उचलून मोठ्याने वाचायला लागल्या. आळस. कॉपी करणे. गोंगाट. गणित. गणिताला टाळ्या पडल्या. मग त्यांनी आणखी एक उचलला.

"जयमाला." बाई हसल्या. "अगं वेडे, स्वतःचं नाव नव्हतं लिहायचं. घालवायची ती गोष्ट लिहायची होती."

जयमाला उभी राहिली. बाईंनी तोवर पुढचा शिंपला उचलला होता. "जयमाला नाम..." इथे त्या थांबल्या. त्यांनी आणखी एक उलटून बघितला, तो वाचला नाही. मग आणखी एक. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"बस, बाळ," त्या एवढंच म्हणाल्या.

पण टेबल पुढच्या बाकाजवळ होतं आणि जयमालाचा बाक पुढचाच होता. बाईंनी बाजूला ठेवलेले शिंपले तिला दिसत होते. एकावरचा 'ज' तिने लगेच ओळखला. तो ज खाली शेपटी काढून डावीकडे वळवलेला. पहिलीत पाटीवर त्या दोघींनी तो एकत्र गिरवला होता आणि वैशालीने तेव्हापासून तो तसाच काढला होता.

मधल्या सुट्टीत ती नळावर गेली. वैशाली तिथे आली. आजूबाजूला कोणी नाही असं बघून ती पटकन म्हणाली, "सगल्यांनी लिवलं. ते बगत होते मी काय लिवते."

"मग कोरा टाकायचा होतास," जयमाला म्हणाली.

वैशालीचे डोळे भरले. पण कोणीतरी येत होतं, आणि ती तोंड न धुताच गेली.

शाळा सुटल्यावर वैजयंतीबाईंनी जयमालाला थांबवून घेतलं. आधी तिने सांगितलं नाही. मग सांगायला लागली तेव्हा थांबली नाही. बांध, भात, भराव, टँकरचं पाणी, लांबच्या खडकावर जाणाऱ्या बायका. बाई ऐकत होत्या. मध्येच त्यांनी फळ्यावरचा तो शब्द हाताने पुसला आणि पुसल्यावर ओशाळल्यासारख्या हाताकडे बघत राहिल्या.

"मला माहीत नव्हतं गं," त्या म्हणाल्या.

"हो, बाई."

"मी येते तुमच्या पाड्यात. बोलते मी."

"नको, बाई."

पण त्या आल्या. रविवारी सकाळी, नवऱ्याला घेऊन. नवी चप्पल चिखलात फसत होती. कान्हाने त्यांना ओट्यावर बसवलं, सखूकाकीने चहा आणला. शिक्षिका घरी आली याचा त्याला मान वाटला होता, हे उघड दिसत होतं. बाईंनी हात जोडून विषय काढला. मोठ्यांच्या भांडणात मुलीचा काय दोष, शाळेत तरी तिला वेगळं पाडू नका, असं त्या पोटतिडकीने बोलल्या.

कान्हाने शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, तुमचं बरोबर हाय. पोरीचा दोष नाय. पन पोरीशी बोललं की आयेशी बोलावं लागतं, आयेशी बोललं की त्याच्याशी. मग निकाल कसला?"

"अहो, पण तो तुमचा भाऊ आहे."

"वैशाली सांगत होती, तुमच्या त्या देशात दहा वरसं गाव सोडावं लागायचं. आमी काय दहा वरसं म्हनतो? उद्या त्यानं नाक घासावं, उद्या घेतो." त्याने पेला खाली ठेवला. "तुमी कुठं रहाता, बाई?"

"वाशीला. सेक्टरमध्ये."

"ती बिल्डिंग कुनाच्या खाचरावर उभी हाय, ते ठावं हाय तुमाला?"

बाईंनी अरविंदकडे बघितलं. त्यांना ठाऊक नव्हतं. हा प्रश्न आजवर त्यांच्या मनातच आला नव्हता.

"मना ठावं हाय," कान्हा म्हणाला. "त्या मानसाला मी वलखतो. तो आता तुर्भ्याला हमाली करतो. मी तुमाला दोष देत नाय. तुमी चा घ्या."

निघताना बाई नामदेवच्या दारात थांबल्या. नामदेव झोपला होता, त्याची पाळी रात्रीची असायची. सगुणाने त्यांना बसा म्हटलं नाही, कारण कान्हाच्या घरचा चहा पिऊन आलेल्या माणसाला बसवायचं की नाही, हेच तिला कळेना. बाई उभ्या उभ्या म्हणाल्या, "मी प्रयत्न केला." सगुणा म्हणाली, "आता बोलायला गेलात म्हनून ते आनखी घट्ट धरतील." आणि तसंच झालं. घरातली गोष्ट नामदेवने शाळेपर्यंत नेली, बाहेरची माणसं आणली, असं पाड्यात बोललं गेलं. त्यानंतर पोरं संध्याकाळी येता-जाता त्यांच्या अंगणात शिंपले फेकायला लागली. कोळशाने 'नामदेव' लिहिलेले. सगुणा झाडताना ते गोळा करायची आणि मागच्या बाजूला टाकायची. एकदा जयमाला रागाने बाहेर धावली, तर तिने दंडाला धरून आत ओढलं. "फेकू दे. हात दुखले की थांबतील."

माघात एका ओहोटीला सगुणा कालवं काढत असताना तिचा पाय घसरला. कालवांच्या कडा वस्तऱ्यासारख्या असतात. तळव्याला टाचेपासून बोटापर्यंत चीर गेली. चिखलातून ती एकटी लंगडत वर आली. लांबच्या खडकावर बायका होत्या. त्यांनी बघितलं. कोणीतरी उठलंही, असं पुढे सांगत होते, पण आलं कोणी नाही. घरी आल्यावर तिने हळद भरली, फडकं बांधलं आणि चुलीपुढे बसली. जयमाला म्हणाली, दवाखान्यात जाऊ. ती म्हणाली, "कालव लागायचंच. जन्मभर लागलंय."

आठवड्याने तिला तोंड उघडता येईना. आधी वाटलं दाढ दुखते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची मान मागे ताठली आणि पाठ वाकायला लागली. नामदेव नुकताच कामावरून आला होता. तो शिवाच्या दाराशी धावला. पाड्यात टेम्पो एकट्या शिवाकडे होता.

"शिवा, ठान्याला न्यायची हाय. चल."

शिवा खाली बघत राहिला. "कान्हादादूसला विचार आधी."

"दादूस कुठं हाय?"

"ऐरोलीला गेलाय. दुपारला येल."

"दुपारला?" नामदेव ओरडला. "शिवा, ती मरंल!"

शिवाने किल्ली हातात घेतली होती. त्याची आई दारात उभी होती. त्याने तिच्याकडे बघितलं, आणि किल्ली परत खिळ्याला लावली.

नामदेव भरावाकडे पळाला. तिथे नंदकिशोर नावाचा डंपरवाला मुरूम ओतत होता. त्याने एक शब्द विचारला नाही, रिकामा डंपर पाड्यात घातला. पाड्याच्या गल्लीत भरावाचा डंपर शिरल्याचं बघून माणसं बाहेर आली, पण कोणी अडवलं नाही. सगुणाला गोधडीत गुंडाळून पुढच्या केबिनमध्ये घेतलं. जयमाला तिचं डोकं मांडीवर धरून बसली. खड्ड्यात डंपर आदळला, की आईचं सगळं अंग धनुष्यासारखं ताणलं जायचं. दात एकमेकांवर घट्ट, आणि डोळे मात्र स्वच्छ, शुद्धीवरचे. ती सगळं बघत होती. जयमालाला ते डोळे सहन होत नव्हते आणि नजर काढवतही नव्हती.

ठाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत ठेवलं. धनुर्वात, ते म्हणाले. आधी आणलं असतं तर, असंही म्हणाले. चौथ्या दिवशी सकाळी सगुणा गेली.

नंदकिशोरच्याच डंपरमधून तिला परत आणलं. अंगणात ठेवलं. पाड्यात सगळीकडे दारं अर्धी उघडी होती, आणि आतून कुजबुज येत होती. रडणारं माणूस एकच, जयमाला. तिला कळत नव्हतं आता काय करायचं असतं. आंघोळ घालायची म्हणजे पाणी लागणार, आणि टँकर अजून आला नव्हता. नामदेव ओट्याच्या खांबाला टेकून बसला होता, त्याला काही विचारण्यात अर्थ नव्हता.

तेवढ्यात वैशाली शेजारच्या घरातून बाहेर आली. कमरेवर घागर. विहिरीचं पाणी. ती अंगण ओलांडत असताना कान्हा दारातून म्हणाला, "वैशे." ती थांबली नाही. "वैशे, मागं फिर!" पाणी हिंदकळून तिचं परकर-पोलकं भिजलं, पण ती आली आणि घागर सगुणाच्या पायाशी ठेवली. मग सखूकाकीही आली. नवऱ्याकडे न बघता, पदराने तोंड दाबून. तिने जयमालाला जवळ घेतलं नाही, सगुणाच्या पायावरचं फडकं सोडवत बसली.

"मी बगितला होता गं तुझ्या आयेचा पाय," ती म्हणाली. "वर येत होती तवा बगितला. रगत होतं. मी उटले पन होते."

जयमालाने घागरीत तांब्या बुडवला. काकी रडायला लागली तरी तिने वर बघितलं नाही.

कान्हाने एवढं केलं, की मसणात कोणी अडवणार नाही असं सांगितलं. पण खांदा द्यायला पाड्यातून कोणी उठलं नाही. नामदेव, नंदकिशोर, भरावावर दुष्काळातून आलेला मारोती नावाचा मजूर, आणि चौथे अरविंद करमरकर. वैजयंतीबाईंना शाळेत कळलं होतं, त्या नवऱ्याला कामावरून बोलावून आल्या होत्या. अरविंदरावांना सवय नव्हती. तिरडी त्यांच्या बाजूला सारखी कलत होती आणि नामदेव मागे न बघता म्हणत होता, "साहेब, जरा वर." वैजयंतीबाई जयमालाजवळ बसल्या. त्यांनी तिचा हात धरला. तो हात तिने सोडवून घेतला नाही, पण बोटंही मिटली नाहीत.

तेराव्याच्या आधीच कान्हा आला. एकटा. ओट्याखाली उभा राहिला. कित्येक महिन्यांनी तो भावाशी पहिल्यांदा बोलत होता.

"पंच बसले होते. झालं ते लई झालं, म्हनतात. नाक घासायचं बी सोडलं. नुसता नारल ठेव देवाफुडं. उद्यापासून सगलं पयल्यासारखं."

नामदेवने त्याच्याकडे बघितलं.

"आता कुनाला घेता परत, दादूस?"

कान्हाने ओठांवरून जीभ फिरवली. "मी काय एकटा होतो? समद्यांचं ठरलं होतं. तूबी बेलभंडार उचलला होतास."

"उचलला होता," नामदेव म्हणाला. "तू जा आता."

कान्हा गेला. नामदेवने नारळ ठेवला नाही. वर्ष संपायच्या आत त्याने घराला कुलूप लावलं आणि तुर्भ्याला एका चाळीत खोली घेतली. नोकरी त्याने सोडली नाही. खारीपाड्यासमोरचं खाजण पुरतं भरलं जाईपर्यंत तो तिथे उभा होता. जयमाला म्हणाली होती, दुसरीकडे काम बघा. तो म्हणाला, "आता सोडून काय मिलनार?" आणि पुढे त्या विषयावर बोलला नाही. एरवीही तो फारसा बोलेनासा झाला.

वैजयंतीबाईंनी जयमालाला घरी अभ्यासाला बोलावलं. ती काही दिवस गेली. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, खिडकीतून लांबवर खाडी दिसायची. बाई तिला फार जपायच्या, आणि त्यांचं ते जपणंच तिला जड व्हायचं. बाई शब्दांची माहेरं सांगत नव्हत्या आता. व्याकरण घ्यायच्या, उत्तरं पाठ करून घ्यायच्या. दोघी एकमेकींना सांभाळून बोलत. शेवटी जयमालाने जाणं थांबवलं. दहावी तिने काढली. मग तुर्भ्याच्याच एका कंपनीत पॅकिंगला लागली. त्यानंतर बाई तिला एकदाच वाशीच्या बाजारात भेटल्या. भाजीची पिशवी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "वाचतेस का काही?" ती म्हणाली, "वेळ नसतो, बाई." दोघींनाही माहीत होतं, की कारण ते नव्हतं.

शहाऐंशी साली वैशालीचं लग्न ठरलं. निमंत्रण द्यायला सखूकाकी स्वतः तुर्भ्याला आली. नामदेव खोलीत होता. त्याने बसायला पाट दिला आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला. काकी जयमालाला म्हणाली, "वैशी म्हनते, जयू आली नाय तर हलद लावून घेनार नाय."

जयमाला गेली. पाडा तिला ओळखू आला नाही. खाजणाच्या जागी सपाट जमीन होती, तिच्यावर रस्त्याच्या कडा आखल्या होत्या, आणि शिवाने टेम्पो विकून बांधकामाला वाळू-खडी पुरवायचा धंदा टाकला होता. कान्हाचा मुलगा त्याच्याकडेच कामाला होता. भरावावर पाय ठेवायचा नाही हे ठरलं होतं, याची कोणाला आठवण दिसली नाही.

मांडवात स्पीकर वाजत होता. बायकांनी तिला हात धरून पुढे नेलं. बघू, किती वाळलीस, म्हणाल्या. कुठं कामाला आहेस, म्हणाल्या. तुझं कधी, म्हणाल्या. त्यांतल्या बहुतेक लांबच्या खडकावरच्या होत्या. सगुणाचं नाव कोणी काढलं नाही. नाव टाळलं असंही नव्हतं. ते त्यांच्या तोंडाशी आलंच नाही, आणि जयमालाला तेच सर्वांत कठीण गेलं. तिने वैशालीच्या गालाला हळद लावली. वैशालीने तिचं मनगट पकडलं आणि काही बोलायचा प्रयत्न केला. स्पीकरमुळे ऐकू आलं नाही. जयमालाने मान हलवली, कळलं म्हणून.

पंगतीत कान्हा वाढत होता. केस पांढरे झाले होते. तिच्या पानापुढे वाकून त्याने भात वाढला, थांबला, आणि आणखी थोडा वाढला.

"बापूस बरा हाय?" त्याने विचारलं.

"बरे आहेत," ती म्हणाली.

तो पुढच्या पानाकडे सरकला.

दिवस मावळायच्या आत ती घरी परतली. नामदेव दारात विडी ओढत बसला होता. तिच्या अंगावर हळदीचे डाग होते, ते त्याने बघितले.

"जेवलीस?"

"जेवले."

"लोकं होती?"

"होती. सगळी होती."

त्याने विडीची राख झटकली. "दादूस बोलला काय?"

"बोलला. तुम्ही बरे आहात का विचारत होता."

"मग काय सांगितलंस?"

"बरे आहेत म्हटलं."

"बरं केलंस," नामदेव म्हणाला. विडी विझली होती. त्याने ती पुन्हा पेटवली नाही, तशीच दोन बोटांत धरून बसून राहिला, आणि जयमाला आत जाऊन लुगडं बदलायला लागली.